सांगावा ते व्हॉइसमेल : मागे ठेवलेल्या निरोपाचा इतिहास

(लवळे, ता. मुळशी येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सुरुवातीला सगळ्यांनी आपापला मोबाईल बाहेर काढावा. व्याख्यानात फोन बंद ठेवा असं सांगायची पद्धत आहे, आज उलटं करू. नंबर फिरवायचं कीपॅड उघडा आणि १ या आकड्याखाली बघा. बऱ्याच फोनमध्ये तिथे एक छोटं चिन्ह दिसेल : दोन गोल आणि त्यांना जोडणारी एक आडवी रेघ. काहींना तो चष्मा वाटतो. खरं तर ती जुन्या टेपची दोन रिळं आहेत. एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाणारी फीत म्हणजे ती रेघ. हे चिन्ह व्हॉइसमेलचं. फोन करणाऱ्याला आपण सापडलो नाही, तर त्याने आपल्यासाठी आवाजात निरोप ठेवायचा आणि आपण तो सवडीने ऐकायचा, अशी ही सोय.

आता हात वर करा, हे बटण कधी वापरलंय कोणी? दोन... तीन. बरं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवणारे किती? बघा, सगळेच.

आजचं आमचं सगळं व्याख्यान या दोन उत्तरांमधल्या अंतराबद्दल आहे. दोन्हींत काम एकच आहे : समोरचा माणूस नाही, तर आवाज ठेवून जायचं. मग एक सोय आपल्याकडे रुजली नाही आणि दुसरी गावोगाव पसरली, असं का? तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्र कोणी शोधलं हे सांगतात, पण ते लोकांनी का घेतलं किंवा का सोडलं, हे सहसा राहून जातं. ते आज थोडं बघू.

निरोप नेणारा माणूस

आपल्याकडे यंत्राच्या आधी शब्द होता : सांगावा. सांगावा धाडायचा. तो तोंडी असे आणि तो पोचवायला माणूस लागे. हा माणूस कोण होता, हे विसरून चालणार नाही. गावगाड्यात निरोप पोचवणं, सरकारी टपाल पुढच्या गावाला नेणं, कुणाच्या घरी मयत झालं तर ती बातमी घेऊन रात्री-अपरात्री नातेवाइकांच्या गावी चालत जाणं, ही कामं महार वतनदारांच्या माथी मारलेली होती. नावाला ते वतन होतं. मोबदला तुटपुंजा, नकार देण्याची सोय नाही, कामाला वेळ-काळ नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते याच पिळवणुकीच्या विरोधात. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडलं. तेव्हा 'पूर्वी माणसं एकमेकांना किती प्रेमानं निरोप धाडायची' असं आपण हळहळून म्हणतो, त्या वेळी तो निरोप कोणाच्या पायांनी जात होता, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. माणसाला न राबवता निरोप पोचवणारं साधन हे काही लोकांसाठी सुखसोयीपेक्षा खूप मोठं होतं.

तोंडी निरोपाची दुसरी अडचण म्हणजे तो वाटेत बदलतो. सांगोवांगी म्हणतात ते हेच. पत्र आलं, पण लिहिता-वाचता येणारे थोडे. म्हणजे लिहिणारा दुसरा, वाचून दाखवणारा तिसरा. बाईचं माहेराला लिहिलेलं पत्र बहुतेक वेळा कुणा पुरुषाच्या हातून जाई. मग त्यात काय लिहिलं जाणार आणि काय राहणार, तुम्हीच ठरवा. तार आली, ती तर शब्द मोजून. आणि तारेचा लौकिक असा की तारवाला दारात दिसला की वाचायच्या आधीच घरात रडारड.

आवाज पकडणारं यंत्र

आवाज साठवता येतो हे एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ करून दाखवलं. पण टेलिफोनवरचा निरोप साठवायची कल्पना डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेनची. त्याने १८९८ मध्ये टेलिग्राफोन नावाचं यंत्र बनवलं. पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज नोंदला जाई. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते ठेवलं होतं आणि ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचा आवाज त्यावर नोंदला गेला. तो आजही ऐकता येतो. पुढची सगळी टेप, कॅसेट आणि टेलिफोनला उत्तर देणारी यंत्रं या तारेच्या वंशातली.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ च्या जानेवारीत, म्हणजे जगाच्या मानाने फार उशिरा नाही. पण तो टेलिफोन गिरण्यांचे मालक, पेढ्या आणि सरकारी कचेऱ्या यांचा. पुढची शंभर वर्षं तो सामान्य माणसाच्या घरात शिरलाच नाही म्हटलं तरी चालेल. १९९१ साली, म्हणजे उदारीकरण सुरू झालं तेव्हा, अख्ख्या देशात सुमारे ५० लाख टेलिफोन होते. लोकसंख्या ८४ कोटी. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. फोन आला की पेढे वाटायचे.

अमेरिकेत मात्र याच काळात एक-एका कचेरीत शेकडो फोन होते आणि त्यांची अडचण वेगळी होती. फोन भरपूर, पण माणूस जागेवर नाही. चिठ्ठ्या लिहून ठेवणाऱ्या सेक्रेटरी, त्यांत झालेली गडबड. गॉर्डन मॅथ्यूज नावाच्या गृहस्थाने यावर उपाय काढला. आवाजाचं अंकांत रूपांतर करायचं, तो संगणकाच्या डिस्कवर ठेवायचा आणि प्रत्येकाला त्यात स्वतःची पेटी द्यायची. १९७९ मध्ये पेटंटसाठी अर्ज, १९८३ मध्ये पेटंट मंजूर. त्याच्या व्हीएमएक्स कंपनीचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं थ्री-एम. व्हॉइसमेल जन्माला आलं ते असं : मोठ्या कचेरीत, प्रत्येकाचा स्वतंत्र फोन असलेल्या समाजात. ही जन्मकुंडली लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आमची पेटी म्हणजे शेजारच्या काकू

आपल्याकडे एक फोन म्हणजे अख्खी आळी. पत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर नंबर छापलेला असे आणि पुढे कंसात 'पी.पी.'. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की हा फोन शेजाऱ्यांचा आहे, आम्हाला बोलावून घ्या. फोन यायचा, काकू विचारायच्या, "कोण बोलतंय? बोलावू का?" माणूस घरी नसला तर त्या निरोप घ्यायच्या. व्हॉइसमेलची पेटी म्हणजे या काकूच! शिवाय त्या निरोपाबरोबर स्वतःचं मत पण द्यायच्या. "तुझ्या मामाचा फोन होता, आवाज जरा बसलेला वाटला हो."

घरात कायम कोणी ना कोणी असायचं. टेलिफोनला उत्तर द्यायला यंत्र कशाला? १९८० च्या दशकात परदेशातून येताना कोणी ते यंत्र आणलं, तर फोन करणारा त्यातला आवाज ऐकून गांगरायचा आणि ठेवून द्यायचा. यंत्राशी बोलायचं म्हणजे काय? 'हं' म्हणणारं कोणी नाही, तर बोलणं पुढे सरकणार कसं?

पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथं आली आणि चित्र बदललं. सॅम पित्रोदा आणि सी-डॉटच्या कामाबद्दल पुष्कळ बोललं जातं, ते योग्यच आहे. पण बूथवाल्याबद्दल फार बोललं जात नाही. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून बूथबाहेर रांग लागायची. बूथवाला येणारे फोनही घ्यायचा आणि निरोप वहीत लिहून ठेवायचा. कित्येक वस्त्यांची ही निरोपाची वहीच होती. १९९५ मध्ये पेजर आले, त्यातही मध्ये माणूस होताच. आपण केंद्रावर फोन करून निरोप सांगायचा, तिथला ऑपरेटर तो टाइप करायचा, मग तो समोरच्याच्या पट्ट्यावरच्या डबीत उमटायचा. नवऱ्याला 'लवकर ये' एवढं सांगायलासुद्धा परक्या माणसाला आधी ते ऐकवावं लागे.

मिस्ड कॉल जिंकला

मोबाईल आला त्याच वर्षी. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात. सुरुवातीला बोलण्याचा दर मिनिटाला सुमारे १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. मोबाईल कंपन्यांनी व्हॉइसमेल सुरुवातीच्या काळातच देऊ केलं होतं. म्हणजे सोय होती. पण तिचा हिशोब बघा. निरोप ठेवणाऱ्याचे मिनिट जाणार. निरोप ऐकणाऱ्याचेही मिनिट जाणार. त्यात आधी इंग्रजीत 'हे दाबा, ते दाबा' ऐकत बसायचं, आणि मीटर पळतंय.

मे २००३ मध्ये नियम बदलला. फोन करणाऱ्यानेच पैसे द्यायचे, येणारा फोन फुकट. लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्यातली गोम ओळखली म्हणा ना! फोन लागला पण उचलला नाही, तर कोणालाच पैसे नाहीत. मग एक रिंग म्हणजे 'पोचलो', दोन रिंग म्हणजे 'खाली ये'. रिक्षावाला, दूधवाला, प्लंबर, कॉलेजची पोरं, सगळ्यांची आपली आपली मिस्ड कॉलची भाषा तयार झाली. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा द्यायचा तर एका नंबरवर मिस्ड कॉल द्या, इथपर्यंत गोष्ट गेली.

आणि इथेच व्हॉइसमेल हरलं. कारण व्हॉइसमेल चालू असलं की न उचललेला फोन यंत्र उचलतं. यंत्राने उचलला की तो मिस्ड कॉल राहत नाही, त्याचे पैसे लागतात. ज्याला फुकट खूण करायची आहे, त्याच्या दृष्टीने व्हॉइसमेल म्हणजे खिशात घातलेला हात. आपले लोक अडाणी होते, तंत्रज्ञानाला घाबरत होते, असं जे सांगतात ते आम्हाला पटत नाही. लोकांनी चोख हिशोब केला आणि तोट्याचा सौदा नाकारला.

आवाजातला निरोप मात्र लोकांनी कधीच नाकारला नव्हता. २००७ च्या सुमारास इफ्को किसान संचार या संस्थेने शेतकऱ्यांच्या मोबाईलवर हवामान, रोग-किडी, बाजारभाव यांचे छोटे ध्वनिसंदेश पाठवायला सुरुवात केली. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडात २०१० मध्ये सीजीनेट स्वर सुरू झालं. फोन करायचा, गोंडीत किंवा हिंदीत आपली तक्रार बोलून ठेवायची, ती तपासून इतरांना ऐकवली जायची. रेशन मिळालं नाही, हातपंप बिघडला, मास्तर येत नाहीत. ज्यांची भाषा वर्तमानपत्रात नाही, त्यांनी आवाजाची पेटी बरोबर वापरली. कचेरीतल्या साहेबासाठी झालेलं तंत्र तिथे कामाला आलं.

मग आलं २०१३. १५ जुलैपासून देशातली तार सेवा बंद झाली आणि ऑगस्टमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने व्हॉइस मेसेज सुरू केला. एका महिन्याचं अंतर. सप्टेंबर २०१६ नंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि ज्यांना टाइप करता येत नाही किंवा मराठी टाइप करणं जमत नाही, त्यांना तोंड मिळालं. भाकरी थापता थापता बोलायचं, बोट सोडायचं, गेला निरोप. लिहिणारा दुसरा नको, वाचणारा तिसरा नको. आपल्या इतिहासात खूप मोठी ही गोष्ट आहे आणि ती अगदी गुपचूप घडली.

आता चालू कसं करायचं

व्याख्यानाआधी काही जणांनी विचारलं, की हे सगळं ठीक, पण आता व्हॉइसमेल वापरायचं असेल तर? कारण आहे. फोन वेगळ्या टोकाला गेलेत. परगावच्या रुग्णालयाचा फोन येतो, परदेशातल्या विद्यापीठाचा येतो. इथे लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस आहे, फ्लेम आहे. मुलं जगभर अर्ज करतात. तिकडची कचेरी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप ठेवत नाही, व्हॉइसमेलवर ठेवते. परदेशात शिकायला गेलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात जे शिकावं लागतं, त्यात हे एक असतं.

आधी हे समजून घ्या की व्हॉइसमेल फोनमध्ये नसतं, ते कंपनीकडे असतं. कंपनीचं नेटवर्क फक्त एवढं करतं : आपण बोलत असू, उचलत नसू किंवा रेंजमध्ये नसू, तर आलेला कॉल कंपनीच्या पेटीकडे वळवतं. म्हणून पहिलं काम, आपल्या कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा की आपल्या प्लॅनवर ही सेवा आहे का आणि तिचे पैसे काय. असली तर त्यांच्याकडून पेटीचा नंबर घ्या. अँड्रॉइडवर फोन अ‍ॅपमधल्या तीन टिंबांत सेटिंग, त्यात व्हॉइसमेल. तिथे तो नंबर असतो किंवा भरता येतो. आयफोनवर फोन अ‍ॅपमध्ये व्हॉइसमेलचं वेगळं पान असतं. मग १ हे बटण दाबून धरा. पेटी लागते. तिथे आपला पिन ठरवायचा आणि स्वागताचा निरोप बोलून ठेवायचा.

हा स्वागताचा निरोप मराठीत ठेवा की! नाव सांगा, आत्ता फोन घेता येत नाही म्हणा, नाव-नंबर आणि काम सांगायला सांगा. इंग्रजी फोन येणार असतील तर खाली एक इंग्रजी वाक्य. आणि आपण दुसऱ्याच्या पेटीत बोलताना जुन्या तारेची शिस्त आठवा : आधी नाव, मग काम, मग आपला नंबर सावकाश, दोनदा. अर्ध्या मिनिटात संपवा. 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का' यातच पेटी भरते.

पिनबद्दल मात्र गंभीरपणे ऐका. ब्रिटनमध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' नावाचं १६८ वर्षांचं साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद पडलं. का? त्यांच्या माणसांनी लोकांची व्हॉइसमेल चोरून ऐकली होती. खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या पेटीपर्यंत ते गेले होते. कित्येकांनी कंपनीने दिलेला मूळचा पिन बदललेलाच नव्हता, त्यामुळे चोरी सोपी झाली. तेव्हा १२३४ नको, जन्मसाल नको.

आपल्याकडे चोरीचा प्रकार वेगळा आहे. 'तुमचं पार्सल अडकलंय', 'सिम बंद होणार आहे' असं सांगून एखादा *४०१ ने सुरू होणारा नंबर फिरवायला लावतात. तो फिरवला की आपले सगळे फोन त्या भामट्याकडे वळतात, बँकेचा ओटीपी सांगणारा फोनसुद्धा. यामुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड फिरवून कॉल वळवण्याची ही सेवा थांबवायला लावली. आपले कॉल वळवलेले आहेत का हे *#२१# फिरवून बघता येतं आणि ##००२# ने सगळं वळवणं रद्द होतं. मात्र त्यात व्हॉइसमेलकडे जाणंही रद्द होतं, ते पुन्हा चालू करावं लागेल. हे दोन आकडे घरातल्या आजी-आजोबांच्या फोनशेजारी लिहून ठेवा.

ठेवलेला आवाज राहतो कुठे?

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. व्हॉइसमेलमधला निरोप कंपनी ठरावीक दिवस ठेवते आणि पुसते. व्हॉट्सअ‍ॅपवरची व्हॉइस नोट आपल्या फोनमध्ये असते. फोन हरवला, बॅकअप नव्हता, जागा करायला कोणी 'सगळं डिलीट' केलं, की ती गेली. आज घराघरांत वडीलधाऱ्यांचा आवाज फक्त अशा नोटांमध्ये आहे. 'जेवलास का', 'पोचल्यावर कळव', 'या वर्षी भात बरा आहे'. त्या त्या दिवशी हे साधे निरोप असतात. माणूस गेल्यावर त्यांची किंमत कळते.

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको, ते याच मुळशी तालुक्यात आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून या डोंगराळ भागात फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल यांच्या मदतीने त्या ध्वनिमुद्रितही झाल्या. काम मुळशीपुरतं राहिलं नाही, महाराष्ट्रभर पसरलं. लाखाहून जास्त ओव्या झाल्या. हेमाताई आणि गी दोघंही आज नाहीत, पण तो संग्रह 'परी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतो, गाणाऱ्या बाईच्या नावानिशी आणि गावानिशी. पहाटे जातं ओढताना माहेर, भाऊ, सासुरवास यांबद्दल त्या जे बोलल्या, ते समोर कोणी ऐकणारं नसताना बोललेलं होतं. निरोपच तो, फक्त पोचायला उशीर लागला. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं. ती माणसं वेळेवर पोचली नसती तर हे सगळं पिठाबरोबरच गेलं असतं.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच. व्हॉइसमेल वापरा नाहीतर व्हॉइस नोट, हिशोब तुमचा तुम्हाला कळतो, तो लोकांना नेहमीच कळत आला आहे. पण आवाज पाठवणं सोपं झालं म्हणजे तो टिकला, असं नाही. टिकवणं हे वेगळं काम आहे आणि ते अजून माणसालाच करावं लागतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठ-दहा नोटा निवडा, फोनबाहेर दुसरीकडे उतरवून ठेवा, फाइलला नाव, गाव आणि तारीख द्या. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून जास्त काही लागत नाही. नातवंडांनाही लागणार नाही.

आता प्रश्न विचारा. आणि हो, फोन आता सायलेंटवर ठेवलेत तरी चालतील.